मानेवरचे मस

ठाण्यात नौपाड्यात मी ब्लाउज शिवते, सतरा वर्षं झाली. दिवसभर बायकांच्या मानेशी आणि काखेशी माझी टेप असते. मागच्या गळ्याची खोली घेताना बोटाला हमखास काहीतरी लागतं, मोहरीएवढं किंवा ज्वारीच्या दाण्याएवढं मऊ, लोंबतं. मुंढा मोजायला हात वर करा म्हटलं की काही जणी आधी ओशाळतात आणि मग म्हणतात, "ताई, तिथे मस आहे हं, जरा सांभाळून." गळ्याची पायपिंग नेमकी त्यावर घासू नये म्हणून मी गळा अर्धा बोट वर किंवा खाली घेते. सांगतही नाही. नुसती खूण करून ठेवते.

मला स्वतःला चार होते, तीन मानेच्या उजव्या बाजूला आणि एक काखेत. बरीच वर्षं मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मग मे महिन्यात एका दुपारी लाइट गेलेली, घामाने मंगळसूत्र मानेला चिकटलेलं. मान वळवली आणि साखळीच्या कडीत सगळ्यात मोठा मस अडकून खेचला गेला. कळ डोक्यात गेली. हात लावला तर रक्त, आणि समोर गिऱ्हाइकाचं मोतिया रंगाचं अस्तर. ते अस्तर मी बदलून दिलं, पण त्या दिवशी ठरवलं की आता हे काढायचे.

घरात उपाय लगेच तयार. सासूबाई म्हणाल्या, "घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांध, आठ दिवसांत गळून पडेल." शेजारच्या काकू म्हणाल्या, चुना आणि सोडा लाव. सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, देठ आवळला की रक्त बंद होतं आणि मस वाळतो. पण केस स्वच्छ नसेल किंवा गाठ अर्धवट बसली तर तिथे सूज येते, पू होतो. चुन्याचं मात्र मी स्वतः पाहिलं आहे. कळव्याच्या माझ्या आत्याने मानेला चुना-सोडा लावून रात्रभर ठेवला होता. सकाळी मस गेला होता आणि त्याच्याभोवतीची कातडीही. चुना भाजतो तो वरवर भाजत नाही, आत आत उतरत जातो, आणि मस कुठे संपला हे त्याला कळत नाही. महिनाभर ड्रेसिंग चाललं. रुपयाएवढा पांढरट डाग आजही तिच्या मानेवर आहे आणि कुठल्याही लग्नात ती पदर खांद्यावरून ओढून बसते. मला ते बघवत नाही. म्हणून हात जोडून सांगते, चुना लावू नका. पापणीवरच्या मसाला तर घरचं काहीच नको.

मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिव्याच्या भिंगातून चारही मस पाहिले. आपण सगळ्यालाच चामखीळ म्हणतो, पण खरी चामखीळ खरखरीत असते, विषाणूमुळे येते आणि एकाची दुसऱ्याला लागू शकते. माझे होते ते स्किन टॅग. आत थोडे तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या, वर नेहमीचीच कातडी, आणि खाली देठ. जिथे कातडीवर कातडी किंवा कापड घासतं तिथे ते येतात, म्हणजे मान, काख, छातीखाली, जांघेत. गरोदरपणात येतात, वजन वाढलं की येतात. ते कुणाला लागत नाहीत आणि त्यांचा कॅन्सर होतो ही भीती बाळगायचं कारण नाही. पण एखादा मस रंग बदलू लागला, भराभर वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा धक्का न लागता रक्त आलं, तर तो आधी दाखवायचा. तो स्किन टॅग आहे हे आपलं आपण ठरवायचं नाही.

"एक काढला की दहा येतात म्हणतात," मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "काढल्यामुळे नाही येत. ज्याच्या अंगात ते यायचे असतात त्याला दुसरीकडे नवे येतात, इतकंच."

काढायचं काम मी घाबरले होते त्या मानाने काहीच नव्हतं. आधी विचारलं की पेसमेकर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. मग बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिक चिकटवलं आणि पाऊण तास बाहेर बसवलं. चिमट्याने मस उचलून धरला, बारीक तारेचं टोक देठाला लावलं. चर्र असा आवाज, केस जळल्यासारखा वास, आणि झालं. काखेतल्याला मुंगी चावल्यासारखं झालं. चारांना मिळून पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बारीक खपल्या धरल्या, त्या आठवड्यात आपोआप पडल्या. तोवर मलम लावायचं, खपली ओढायची नाही. मंगळसूत्र तेवढे दिवस मी पर्समध्ये ठेवलं, सासूबाईंनीच तसं सांगितलं.

पण डॉक्टरांनी मला उठू दिलं नाही. केस वर धरायला सांगून मानेची मागची बाजू पाहिली. तिथे काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा होता. मी त्याला घामाचा मळ समजत होते. त्या म्हणाल्या, रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की कातडीच्या पेशी जास्त वाढतात, मग असा पट्टा येतो आणि मसही येतात. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. रिपोर्ट आला ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. माझ्या आईला मधुमेह होता, तिच्याही मानेवर हेच होतं, आणि कुणीही तिला ते सांगितलं नाही. आता मी पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारते. रात्रीचा भात बंद केला आहे.

हे सगळं लिहायला बसले ते एका मुलीमुळे. परवा आई तिला कॉलेजच्या साडी डेसाठी मापाला घेऊन आली. अठरा वर्षांची, अंगाने भरलेली. केस बाजूला केले तर मान लालभडक आणि सोललेली, त्याखाली तोच काळा पट्टा, आणि कडेला दोन इवलेसे मस. आई म्हणाली, "कितीदा सांगते, मान नीट घास. शेवटी काल मीच वजरीने घासली." मुलगी खाली बघत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मागचा गळा बंद ठेवाल? पार वरपर्यंत."

मी टेप खाली ठेवली, दोघींना बसवलं, पाणी दिलं. माझा रिपोर्ट फोनमध्ये होता, तो दाखवला. हा मळ नाही, घासून जाणार नाही, हिची काही चूक नाही, एवढं तीनदा सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने मुलीच्या मानेला एका बोटाने हात लावला आणि डॉक्टरांचा पत्ता मागितला.

ब्लाउज काल शिवून झाला. मागचा गळा तिने सांगितला तसाच बंद ठेवला आहे. पुढे कधी तिला तो खोल करून घ्यावासा वाटला तर त्याच कापडाची एक तिरकी पट्टी पायपिंगसाठी कापून, तिच्या नावाची चिठ्ठी लावून डब्यात ठेवली आहे.