शुगर बघितलीस का?

घरात माझा आवाज जरा चढला की पहिला प्रश्न येतो, "शुगर बघितलीस का?" आई विचारते, दादा विचारतो, हल्ली तर दादाची छोटी पण विचारायला लागलीय.

प्रश्न चुकीचा नाहीये. शुगर ७० च्या खाली गेली की चिडचिड होतेच, हात थरथरतात, घाम फुटतो, समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरत नाही. पण कधीकधी मला नुसता राग आलेला असतो ना. ऑफिसात कुणीतरी आपलं काम माझ्या गळ्यात मारलेलं असतं, नाहीतर नळाला पाणी आलेलं नसतं. त्या रागाचं पण मीटरवर माप काढलं की वाटतं माझं स्वतःचं असं काही उरलंच नाही, हसणं रडणं सगळं शुगरच्याच खात्यात जमा.

मला टाइप वन डायबेटिस झाला तेव्हा मी सातवीत होते. सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरलेलं, मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या आणि सांगलीहून थेट मिरजेला ॲडमिट. बघायला आलेले लोक आईला म्हणायचे, एवढ्याशा पोरीला शुगर कशी, चॉकलेटं फार दिलीस वाटतं. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यात चॉकलेटाचा काय संबंध. पण आईने ते बोलणं कितीतरी वर्षं मनात धरून ठेवलं आणि मला कळूही दिलं नाही. कळलं तेव्हा मला माझ्या आजाराचं आलं नव्हतं एवढं रडू आलं.

लोकांना वाटतं त्रास सुयांचा असतो. सुयांची सवय होते हो. दमवतो तो हिशोब, आणि तो कधीच बंद होत नाही. संध्याकाळी सगळे भडंग घेऊन बसतात, मी पण बसते, पण माझ्या डोक्यात चालू असतं की चुरमुरे किती, ते शुगर झपकन वर नेणार, शेंगदाणे आणि तेल आहे म्हणून थोडी नंतरही चढणार, इन्सुलिनची युनिटं किती घेऊ, आत्ता घेऊ की दहा मिनिटं आधीच घ्यायला हवं होतं. एवढं करून काल तेवढ्याच भडंगाला १४० आणि आज २६०. का? झोप कमी झाली असेल, पाळी जवळ आली असेल, टेन्शन असेल, सुई रोजच्याच जागी टोचून तिथे गाठ झाली असेल. सगळं नीट करूनही आकडा असा येतो ना, तेव्हा माणूस आतून खचतो. मग वाटतं बघायचंच नाही मीटरकडे.

या वाटण्याला डॉक्टरांच्या भाषेत डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात आणि ते डिप्रेशनपेक्षा वेगळं असतं, हे मला फार उशिरा समजलं. त्यासाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, १९९५ पासूनची. ती वाचली तेव्हा वाटलं हे तर माझ्याच घरात बसून लिहिलंय. एवढ्या वर्षांत दर तपासणीला एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, विचारला गेला, तू कशी आहेस हे क्वचितच. पेशंटची गर्दी असते ते समजतं मला, पण हा प्रश्न सुद्धा उपचारातलाच आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि कुणी म्हणतं, आता किती सोयी झाल्यात, पूर्वी काय होतं. खरंय. १९२१ ला टोरांटोत इन्सुलिन सापडलं त्याआधी या आजाराची पोरं वाचतच नसत. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातून निघताना कागदपत्रांच्या आधी मी इन्सुलिनचा डबा उचलला होता, त्यामुळे त्याची किंमत मला कुणी सांगायला नको. पण किंमत माहीत असली तरी दमायला होतंच. दमले म्हणणारीला गप्प करायला ती सोय पुढे करू नका, एवढंच.

आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे मी चिडले की आधी ऐकून घ्यायचं, मग शुगर विचारायची. घाम आलेला दिसला, शब्द अडखळले तर मात्र थेट तीन चमचे साखर पाण्यात घालून हातात द्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, तिथे चर्चा नाही.

दुसरी म्हणजे शनिवारची रात्र दादाची. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावलाय, त्याचा अलार्म त्या रात्री त्याच्या मोबाइलवर वाजतो, उठायचं त्याने, गरज असेल तरच मला उठवायचं. इतर रात्री मी अर्धवट जागीच असते, अलार्म वाजेल का, वाजला तर ऐकू येईल का. सुरुवातीला शनिवारी पण झोप लागायची नाही. आता लागते. आई म्हणत होती बुधवार तिला दे. दादा म्हणाला, "आई, तुला अलार्म ऐकू येत नाही गं." त्यावरून अजून वाद चालू आहे, बहुतेक बुधवार वहिनीकडे जाईल.