स्टेपनीचं पत्र्याचं कव्हर: १९३० च्या फोर्डवरचा माझा अनुभव

जुन्या गाडीचं इंजिन बोलतं करणारे मिस्त्री अजून सापडतात, सीटकाम करणारे सापडतात. स्टेपनीवरचं पत्र्याचं कव्हर नीट करून देईल असा माणूस शोधताना मात्र मला चपला झिजवाव्या लागल्या. बरेच जण म्हणाले, "फायबरचं करून देतो की, कुणाला कळतंय?" मला कळणार होतं.

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए, उघड्या टपाची फेटन, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत कंपनी काढली, आणि कॅनडाहून सुटे भाग पेट्यांमधून येऊन गाड्या इथे जोडल्या जाऊ लागल्या. आमची त्यातलीच, असं बाबा सांगायचे. कागद नाहीत, त्यामुळे मी हे छातीठोकपणे सांगत नाही. तिची स्टेपनी पाठीमागे नसून पुढच्या मडगार्डमध्ये केलेल्या खोबणीत उभी असते, आणि तिच्यावर पत्र्याचं कव्हर असतं. कव्हर दोन तुकड्यांचं. एक म्हणजे टायरच्या बाहेरच्या बाजूवर बसणारी गोल, फुगीर चकती; तिच्या मधल्या भोकातून चाकाचे स्पोक दिसतात. दुसरी म्हणजे टायरच्या पाठीवरून फिरणारी रुंद पट्टी. पट्टीची दोन टोकं खाली खोबणीत येतात आणि तिथे बोल्टने ओढून घट्ट होतात.

चकतीला तीन मोठे पोचे आणि वर रंगाचे इतके थर, की मूळ पत्रा कुठे सुरू होतो ते कळेना. पट्टी खालच्या बाजूने पार सडलेली होती. नख लावलं की पापुद्रा निघायचा.

पहिला उपाय अर्थातच आयता माल. मुंबईच्या चोरबाजारात एकाने "फोर्डचंच आहे, डोळे झाकून घ्या" म्हणून एक कव्हर दाखवलं. डोळे उघडे ठेवून टेप लावला. मॉडेल एच्या १९२८ आणि १९२९ च्या गाड्यांना २१ इंची चाकं होती, १९३० पासून १९ इंची आली. आमचा टायर ४.७५-१९, म्हणजे १९ इंचाची रिम आणि दोन्ही बाजूंना पावणेपाच इंच रबर. हिशोबाने व्यास साडेअठ्ठावीस इंच. जुन्या चाकाचा ४.५०-२१, तो भरतो ३० इंच. चोरबाजारातलं कव्हर ३० इंची होतं. फोर्डचंच असेल, पण आमच्या टायरवर ते डगडगलं असतं. कुणाला असं कव्हर विकत घ्यायचं असेल तर गाडीचं नाव नंतर सांगा, आधी व्यास सांगा.

मग आपलंच जुनं वाचवायचं ठरलं. चकती ठेवायची, पट्टी नवी करायची.

गंज काढायचं काम मी घरीच केलं. सँडब्लास्टिंगवाल्याकडे न्यायला मन होईना. पातळ पत्रा वाळूच्या माऱ्याने ताणला जातो आणि लाटा धरतो. त्याऐवजी प्लास्टिकचं मोठं पिंप आडवं कापलं, पाणी भरलं, त्यात धुण्याचा सोडा विरघळवला आणि चकती तारेने लोंबकळत सोडली. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह चकतीला, पॉझिटिव्ह लोखंडाच्या भंगार सळईला. थोड्या वेळात चकतीवरून बारीक बुडबुडे निघू लागतात आणि सळई गंजायला लागते. चांगला पत्रा यात खाल्ला जात नाही, ॲसिडमध्ये जातो. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे सगळं उघड्यावर करायचं, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. सासूबाईंनी पिंपाकडे बघून "हे काय शिजतंय?" विचारलं आणि तुळशीची कुंडी लांब सरकवली.

चकती बाहेर आली तेव्हा करडी, स्वच्छ. पोच्यांच्या बाजूला कुणीतरी पूर्वी ठोकलेल्या हातोडीच्या खुणाही दिसल्या. पाण्यातून काढल्यावर अशा पत्र्याला बघता बघता नवा गंज धरतो, त्यामुळे लगेच पुसून, उन्हात तापवून तेलाचा हात फिरवला आणि गोणपाटात गुंडाळून उद्यमनगर गाठलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काहीही करून मिळतं असं म्हणतात. खरं आहे, फक्त योग्य गल्ली सापडावी लागते. गल्लीच्या टोकाच्या शेडमधले मामा आता मुख्यतः टेम्पोच्या बॉडीचं काम करतात, पण त्यांचा हात जुन्या पत्रेकामाचा. त्यांनी चकती दोन्ही हातांत धरून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ताई, टायर पंक्चर व्हऊ नये म्हनून हे चिलखत हाय व्हय?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात पळत्या टायरवरही धातू चढवत. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले असायचे आणि पंक्चर हा रोजचाच खेळ होता. म्हणून टायरच्या पाठीवर जाड चामड्याचा पट्टा घालत आणि त्यात पोलादी खिळे रिव्हेट केलेले असत. घसरणं कमी व्हायचं, खिळे सहज आत शिरायचे नाहीत. पण चामड्याखाली उष्णता कोंडायची, आणि उष्णता हा टायरचा खरा शत्रू. चिखल-बर्फासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटाच्या हॅरी वीडने १९०४ मध्ये टायरवर चढवायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं. गाडीवाले चाकांना दोर गुंडाळताना बघून त्याला ते सुचलं असं सांगतात. पुढे टायरची कापडी बांधणी सुधारली, रबरात काजळी मिसळून ते चिवट झालं, आणि चामड्याचे पट्टे गेले. साखळ्या बर्फाळ मुलखात आजही आहेत.

आमच्या कव्हरचं काम वेगळं. स्टेपनी महिनोन्महिने एका जागी, उन्हात, हवा भरून ताणलेली. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर आडव्या बारीक चिरा पाडतो. आज टायरमध्ये त्यावर उपाय करणारी रसायनं असतात; १९३० मध्ये नव्हती. म्हणजे गरजेच्या वेळी स्टेपनी काढावी तर तीच भेगाळलेली. म्हणून झाकण. कापडाचं आणि रेक्झिनचंही मिळायचं. पत्र्याचं जास्त ऐटबाज. मामांना एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, "मंजी शोभेचंच म्हना की." निम्मं खरं होतं, मी वाद घातला नाही.

चकतीचे पोचे काढणं बघण्यासारखं होतं. मामांनी मागून सरळ ठोकलं नाही. पोच्याच्या काठाला जिथे पत्रा उंच उचलला गेला होता, तिथे बाहेरून हलके ठोके आणि आतून डॉलीचा, म्हणजे हातात धरायच्या गुळगुळीत लोखंडी ठोकळ्याचा आधार. काठ मोकळा झाला तसा मधला खळगा आपोआप वर येऊ लागला. दोन पोचे असे सुटले. तिसऱ्या जागी आधीच्या कुणीतरी ठोकून ठोकून पत्रा ताणून ठेवला होता. बोटाने दाबलं की टक्क करून आत जाई, सोडलं की बाहेर. तिथे मामांनी गॅसच्या बारीक ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल केला, भोवतीने भराभर चार-पाच ठोके दिले आणि ओलं फडकं दाबलं. चर्र आवाज झाला आणि पत्रा ताठ झाला. तापलेली जागा फुगू बघते, भोवतीचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, ती जाड होते आणि थंड होताना आखडते. असे ठिपके सावकाश, एकेक करत घ्यायचे. घाई केली तर सगळी चकतीच पिळवटते.

पट्टीचं काम याहून अवघड निघालं, आणि मला तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. सपाट पट्टी रोलरमधून काढली की कडं होतं. ते कुणीही करून देईल. पण टायरची पाठ दोन्ही दिशांनी गोल असते. पट्टीचा मध्य कडेपेक्षा नुसता अर्धा इंच वर हवा असेल, तरी पूर्ण घेराला मधली रेषा कडेच्या रेषेपेक्षा तीन इंचांहून जास्त लांब व्हावी लागते. ही लांबी येणार कुठून? मध्य ठोकून पसरवायचा. मामांनी २० गेजचा, म्हणजे मिलिमीटरपेक्षा थोडा पातळ सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घेतला, वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी मोगरीने मध्यरेषेवरून ओळीने ठोकत गेले. पट्टी आधी अगदी वेडीवाकडी, सुरकुतलेली दिसू लागली. मला वाटलं, गेला पत्रा. मग पोलादी ऐरणीच्या गुळगुळीत डोक्यावर तीच पट्टी घेऊन चकचकीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे, जवळजवळ ठोके. आमच्याकडे तांब्याच्या घागरीवर मठारकाम करतात तेच, फक्त इथे शेवटी ठोका दिसता कामा नये.

माप घेण्याआधी त्यांनी एक अट घातली. "टायरात हवा भरून आना. उपाशी पोटावर माप घ्येत न्हाईत." नवा टायर छापील मापाबरहुकूम असतोच असं नाही, आणि हवा भरल्यावर त्याचा घेर बदलतो. फोर्डने मॉडेल एला ३५ पौंड हवा सांगितली आहे. तेवढी भरून चाक शेडमध्ये नेलं आणि पट्टी प्रत्यक्ष त्याच्यावर बसवत, काढत, पुन्हा बसवत काम झालं.

जुनी पट्टी का सडली, तेही या वेळी उलगडलं. तिची कड वळवून आत तार भरलेली होती, बादलीच्या काठाला असते तशी. तारेमुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि हाताला धार लागत नाही. पण तारेभोवती पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. मडगार्डच्या खोबणीत चिखल साठतो आणि कड आतून कुजते. बाहेरून रंग शाबूत, आत काही उरलेलं नाही. नव्या पट्टीत तार हवीच होती, ३ मिलिमीटरची. कडेला तारेच्या जाडीच्या अडीचपट पत्रा जास्त ठेवायचा, हा पत्रेकामातला जुना नियम मामांनी न मोजता पाळला. मी एवढंच केलं, की कड मिटवण्याआधी आतून आणि तारेवर जस्ताचं प्रायमर फासलं, आणि सगळ्यात खालच्या भागात पाणी उतरायला दोन भोकं पाडून घेतली. मूळ कव्हरला भोकं नव्हती. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेतला परीक्षक यावर नाक मुरडेल. त्याने कोल्हापुरातला एक जुलै काढून दाखवावा.

रंगाबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. रंगारी सगळीकडे लांबी (पुट्टी) भरून सपाट करायला निघाला होता, त्याला आवरलं. जाड लांबी उन्हात तडकते आणि खाली पुन्हा गंज लागतो. इपॉक्सी प्रायमर, पाणीपेपरने घासणं, वर काळा. बॉडी कुठल्याही रंगाची असली तरी फोर्ड या गाडीचे मडगार्ड काळेच ठेवायची, त्यामुळे काळ्यात काळं जुळवणं सोपं. आमच्या चकतीच्या जुन्या थरांखाली एक बारीक फिकट पिवळी रेघ सापडली होती, ती मात्र परत हवी होती. ती मारली ट्रकच्या पाठीवर नावं रंगवणाऱ्या एका पेंटरने. त्याने चकती सायकलच्या चाकावर बांधली, सायकल उलटी उभी केली, लांब केसांचा ब्रश टेकवून हात स्थिर धरला आणि पोराला म्हणाला, "फिरव हळू." एका फेरीत रेघ पूर्ण. टोकं जिथे भेटली ती जागा मला अजून सापडलेली नाही.

बसवताना पत्रा आणि रबर यांच्यामध्ये काहीतरी लागतं, नाहीतर खडखड होते आणि टायर घासतो. नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, सुचवला गेला, पण नमदा पाणी धरून ठेवतो. मी नवारीच्या पट्ट्या मेणात बुडवून आतून चिकटवल्या. बोल्ट किती ओढायचा हे हाताने ठरतं: पट्टी हलता कामा नये, पण टायर दबताही कामा नये.

पावसात घोटाळा नको म्हणून पहिल्या मोठ्या सरीनंतर सगळं उघडून बघितलं. भोकांतून पाणी गेलेलं, चिखल थोडा, कड कोरडी. तरीही आता जूनमध्ये मी कव्हर उतरवून शेडमध्ये टांगते आणि स्टेपनीला जुन्या चादरीचा खोळ घालते. पत्र्याखाली दमट हवा कोंडते, कापडातून निघून जाते. उन्हाळ्यात आणि दसऱ्याच्या सुमारास, जेव्हा गावात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघायला गर्दी होते आणि आमच्या फोर्डकडेही चार माणसं वळून बघतात, तेव्हा कव्हर जागेवर असतं. हवा तपासायची तर ते काढावंच लागतं, कारण व्हॉल्व्हसाठी चकतीला भोक पाडू द्यायला मी तयार झाले नाही.

खोबणीतला गंज अजून तसाच आहे. मामा म्हणालेत, "मडगार्ड उतरवून आना दिवाळीनंतर, बघू."