दाझाइफूत दगडांशिवाय आहे काय?

"जपानला चाललोय, पण दाझाइफूच्या जुन्या कचेरीत नुसते दगड आहेत म्हणे. जावं का?" असं बरेच जण विचारतात. जरूर जा. फक्त ते दगड कधीचे, हे माहीत करून जा, नाहीतर मोकळं मैदान बघून परत याल.

सातव्या शतकाच्या अखेरीपासून क्यूशू बेटावरचे ९ प्रांत आणि इकी-त्सुशिमा ही बेटं यांचा कारभार इथून चाले. कोरिया-चीनशी होणारा व्यवहारही इथल्याच अधिकाऱ्यांच्या हातात होता.

फुकुओकाच्या तेनजिनहून निशितेत्सु रेल्वेची साधी लोकल धरा आणि तोफुरोमाएला उतरा. जलद गाडी तिथे थांबत नाही. ती थेट पुढच्या फुत्सुकाइचीला जाते आणि मग एक स्टेशन मागे यावं लागतं. जेआर (जपान रेल्वे) कंपनीचं तोफुरोमिनामी स्टेशन नावाने जवळचं वाटतं, पण तिथून बरीच जास्त पायपीट होते. 'दाझाइफू' हे स्टेशन तर तेनमानगू देवस्थानाचं. बहुतेकांची गल्लत तिथेच होते: देवस्थान आणि दुकानं यांत दुपार सरते आणि अवशेष राहून जातात. म्हणून आधी अवशेष, मग देवस्थान.

शिमोओरी स्टेशन सुटलं की खिडकीबाहेर लक्ष ठेवा. झाडीने झाकलेल्या एका लांबलचक मातीच्या बांधाला कापून रूळ जातात. हा मिझुकी. ६६३ साली कोरियात चीनचं तांग आणि कोरियातलं सिल्ला या राज्यांच्या सैन्याकडून जपानची हार झाली, तेव्हा स्वारीच्या धास्तीने पुढच्याच वर्षी हा बांध घातला. लांबी १.२ किलोमीटर, पायाशी रुंदी ८० मीटर. एवढ्या भीतीनंतर इथे काय उभं राहिलं, ते पुढे दिसतं.

तोफुरोमाए स्टेशनपासून अवशेष चालत साधारण पंधरा मिनिटांवर. मैदानात आडवे शिरू नका. दक्षिणेच्या दरवाजाच्या जोत्यापासून सुरुवात करा, मधला दरवाजा ओलांडा, मग अंगण आणि समोर मुख्य सभागृह. मागचा डोंगर नेमका या रांगेच्या पाठीशी येतो.

सभागृहाच्या तळखड्यांपाशी मात्र वेळ काढा. मोठ्या दगडांच्या माथ्यावर खांबासाठी गोल बैठक कोरून काढलेली आहे. खाली वाकून बघा, कोरीव कड अजून स्पष्ट आहे. हे मूळ कचेरीचे दगड, असं फार काळ मानलं जाई. १९६८ पासूनच्या उत्खननात वेगळंच निघालं. सर्वांत खाली जमिनीत रोवलेल्या खांबांच्या इमारती, त्यावर आठव्या शतकातल्या तळखड्यांवरच्या, त्यावर जळालेल्या मातीचा आणि कोळशाचा थर, आणि त्याच्याही वर पुन्हा बांधलेली कचेरी. ९४१ साली फुजिवारा नो सुमितोमो या चाच्यांच्या म्होरक्याच्या बंडात आधीची कचेरी जळाली होती. आज दिसतं ते त्यानंतरचं बांधकाम. सम्राटाच्या दरबाराची सत्ता ढिली पडत असतानाही हीच मांडणी एवढ्या थाटाने पुन्हा उभारली गेली, हे मला या जागेचं सर्वांत मोठं सांगणं वाटतं.

शेजारच्या प्रदर्शनगृहात आधी डोकवा. सोमवारी ते बंद असतं. उत्खननात सापडलेला दगडी नाला तिथे जागच्या जागी राखलाय. मैदानात सावली कमी, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच जा.

पूर्वेला थोडं चाललं की कान्झेओन-जी हे बौद्ध मंदिर. सातव्या शतकातली घंटा बाहेरच आहे, आणि संग्रहात हयग्रीव रूपातल्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची ५ मीटर उंच लाकडी मूर्ती. मागच्या डोंगरावरचा ओनो किल्ला मात्र याच दिवसात कोंबू नका. ६६५ सालच्या त्या किल्ल्याचा तट सुमारे ८ किलोमीटरचा आहे, त्याला वेगळा दिवस हवा.