चार गोळ्या राहिलेली स्ट्रिप

"आता बरं वाटायलंय ना मला, मग कशाला खायच्या?" मावशी म्हणाली.

पॅरोक्सेटिनची, म्हणजे डिप्रेशन-घबराटीवरच्या गोळीची, स्ट्रिप साड्यांच्या घडीत सापडली. चार गोळ्या तशाच. चार दिवसांपासून मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय, चक्कर येते, झोप नाही. तिला वाटलं, ऊन लागलं.

ही गोळी एकदम सोडली की असं होऊ शकतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, कधी कित्येक महिने घेतात. रात्री टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ ला, फोन लावला. उद्या पहिल्या एसटीनं तिला परभणीला डॉक्टरांकडे नेतेय.

बीपीची गोळी संपायच्या आधी दुसरं पाकीट आणायला लावणारी माझी मावशी, हीच गोळी साडीत कामून लपवत होती?