वांद्रे रेक्लमेशनवरचं सरस: घेण्याआधी वस्तू उलटी करून बघा

थंडी पडली की मुंबईत मैदानामैदानावर मांडव उभे राहतात. त्यातलं मी सहसा न चुकवणारं प्रदर्शन म्हणजे महालक्ष्मी सरस. राज्य सरकारच्या 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातर्फे भरतं, आणि गावोगावच्या बचत गटांच्या बायका आपापला माल घेऊन येतात. जागा मात्र एकच नसते. काही वेळा ते वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीला) भरलंय, काही वेळा वांद्रे रेक्लमेशनच्या मैदानावर. मला विचाराल तर रेक्लमेशनच बरं. एका अंगाला सी लिंक, खारा वारा, आणि पाय दुखले की समुद्राच्या कडेला टेकायची सोय. खाली लिहिलंय ते तिथल्या फेरीबद्दल. तारखा आणि जागा निघण्याआधी बघून घ्याच. प्रदर्शन बीकेसीला असेल तर मेट्रो तीनचं स्टेशन आहे, रेक्लमेशनला असेल तर वांद्रे पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षा. रविवारी जाणार असाल तर पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक कुठे आहे ते आदल्या रात्री बघा.

खरं म्हणजे रविवारी जाऊच नका. मधल्या वारी, दुपारी एकच्या सुमाराला पोचा. ऊन लागतं, पण स्टॉलवरच्या बाईला बोलायला वेळ असतो, आणि या बाजारात बोलण्यातूनच सगळं कळतं. शनिवार-रविवारी संध्याकाळी गर्दी आपल्याला पुढे ढकलते आणि आपण ढकलले जाऊ तसतशी खरेदी करत जातो.

माझ्याबरोबर आत्या होती. ती येवल्याची, त्यामुळे पैठणीच्या स्टॉलवर तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. पदर हातात घेतला आणि सरळ उलटा केला. स्टॉलवरची बाई हसली, "बघा मावशी, मागूनपण मोर मोरच दिसंल." तसा तो दिसत होता. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग त्याच्या जागेपुरता हाताने गुंफलेला असतो, म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच येते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी यंत्राने उचलणाऱ्या मागावर, विणलेल्या साडीच्या पाठीमागे मोकळे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ. आणि हजार-दोन हजारात मिळते ती हातमागावरची रेशमी पैठणी नव्हे, मग विकणारा काही का म्हणेना. नेसायला ती साडी छानही असेल, पण पैसे त्या साडीचे द्या, पैठणीचे नाही. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्कचं लेबल आहे का तेही बघा.

आत्याची ही उलटं करून बघायची खोड मी मग दिवसभर सगळीकडे वापरली. कारण कुठल्याही हस्तकलेच्या प्रदर्शनात घाऊक बाजारातून उचललेला माल थोडाफार मिसळलेला असतोच. त्यात लगेच फसवणूक शोधू नये. गटातल्या दहा जणींपैकी दोघी बनवणाऱ्या, बाकीच्या विकणाऱ्या, आणि स्टॉल रिकामा दिसू नये म्हणून चार वस्तू बाहेरच्या, असंही असतं. सरळ विचारलं की बहुतेक जणी सरळ सांगतात. एकीने तर स्वतःच सांगितलं, "ही टोपली आमची, तो डबा दादरवरनं आणलाय."

कोल्हापुरी चपलांच्या स्टॉलवर एक काका मांडी घालून बसले होते. मी चप्पल उचलून तळ बघितला तर म्हणाले, "बघा की. खिळा दिसला तर पैसं परत." तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले होते. त्यांनी आरीने भोक पाडलं, वादीचं निमुळतं टोक त्यातून ओढलं, दाताखाली धरून ताणलं आणि वरून लाकडी हातोडीचे दोन ठोके दिले. शिवण चामड्यात बसून गेली, बोट फिरवलं तरी हाताला लागेना. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याला एक तुरट वास असतो, तोही घेऊन बघा. रेक्झिनला तो येत नाही. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यामुळे कर्नाटकातल्या अथणीकडचा कारागीर भेटला तर तो परका समजू नका. जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये हुबेहूब अशा चपला दिसल्या आणि एवढा गदारोळ झाला, तेव्हापासून गिऱ्हाईक वाढलं का, असं विचारलं. काकांचं उत्तर: "फोटो काढणारी लई वाढली."

चप्पल घेताना दुपारनंतर पाय थोडा सुजलेला असतो हे ध्यानात ठेवा आणि तरीही घट्टच घ्या, चामडं सैल पडतं. पहिले काही दिवस चावते. आतून खोबरेल लावून घरातल्या घरात घाला. आणि जूनच्या आधी माळ्यावर टाका. मुंबईच्या पावसात कोल्हापुरी भिजली की ती गेली.

वारलीच्या स्टॉलवर जव्हारकडची एक मुलगी गेरू दिलेल्या कापडावर तारपा नाच, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, काढत होती. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. माणसाचं धड म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून काढायचे आणि मग एका फटक्यात हातपाय. ती बोलत होती, काडी थांबत नव्हती. हे मुळात लग्नघरातल्या भिंतीवर सवाशिणींनी काढायचं काम. कागदावर आणून जगभर नेलं ते जिव्या सोमा मशे यांनी, ज्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. इथे मागची बाजू बघून फारसं कळत नाही. चित्र तिरकं धरून उजेडात बघा. हाताने काढलेल्या रेषेत रंग कुठे जाड, कुठे पुसट असतो. दोन माणसं केसाचाही फरक नसलेली सारखी दिसली तर ते छापील. किटल्या, ट्रे, मोबाइलची कव्हरं असला वारली माल भरपूर आहे; मला त्यात रस वाटला नाही. आवडत असेल तर घ्या, टिकाऊ असतो.

घोंगडीकडे लोक हात लावून पुढे जातात, कारण ती टोचते. टोचणारच. विणण्याआधी लोकरीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्याने ती कडक होते आणि वापराने मऊ पडते. मऊमऊ आणि स्वस्त घोंगडी दिसली तर शंका घ्या. कडेचा सुटा धागा मागून घेऊन जाळून बघता येतो: लोकर जळाली की केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरते, अॅक्रिलिक असेल तर वितळून टणक गोळी होते. अर्थात मांडवात काडी ओढू नका. धागा पर्समध्ये टाका, बाहेर जा. मी गेले. रेक्लमेशनच्या वाऱ्यात चार काड्या विझल्या, पण वास केसाचाच आला. काळी, बिनरंगाची घोंगडी घेतली. धुवायची घाई करायची नाही, ऊन द्यायचं, असं बजावून दिलीय.

सावंतवाडीची लाकडी फळं नेहमीची, पण तिथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुने खेळायचे पत्ते, असेल तर थांबाच. दशावतारी गंजिफ्याचा जोड 120 पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, सगळी गोल. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला उचलून धरली म्हणून ती आज दिसते. पूर्ण जोड महाग पडतो, सुटं पान चौकटीत बसवून मिळालं तर भेट द्यायला उत्तम.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. कोंबडी-वडे आणि पांढरा रस्सा यांच्या रांगा मोठ्या असतात. मी खानदेशी मांड्यांसमोर उभी राहिले. बाईने पुरण भरलेला गोळा हातावर घेतला, एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवला आणि पालथ्या खापरावर अलगद टाकला. पलीकडची लाकडं दिसतील इतका पातळ. दोघींत एक पुरला. लवकर पोचलात तर जेवण साडेबाराला, नाहीतर चारनंतर उरका, मधल्या वेळात बसायला जागा मिळत नाही.

पैशांचं म्हणाल तर, संध्याकाळी गर्दी वाढली की मोबाइलची रेंज जाते आणि यूपीआय अडकतं. शंभराच्या नोटा जवळ ठेवा. कापडी पिशव्या न्या. ठेचा, लोणची शेवटी घ्या, नाहीतर तेलाची बरणी दिवसभर साडीशेजारी हिंदकळते. घासाघीस करायला हरकत नाही, पण चार वस्तू एकत्र घेताना करा, एका टोपलीसाठी नको. टोपली किती दिवसांत होते ते आधी विचारा, मग आकडा काढायचा तर काढा.

परतीची रिक्षा सात ते नऊमध्ये मैदानाच्या दारात मिळणं अवघड. लीलावती रुग्णालयाच्या बाजूने थोडं चालत पुढे गेलं की मिळते, किंवा रेक्लमेशनच्या बस डेपोवरून स्टेशनकडे जाणारी बस पकडा. घोंगडी घेऊन सव्वासातच्या विरारला चढायचा विचार सोडून द्या. आम्ही दोघी समुद्राच्या कडेला बसून राहिलो आणि नऊनंतर निघालो.

आणि प्रत्येक स्टॉलवरून गटाचं कार्ड किंवा फोन नंबर घ्या. आवडलं पण तेव्हा परवडलं नाही, असं नंतर फोनवर मागवता येतं, दलालाशिवाय. जव्हारच्या मुलीने एवढंच सांगितलं की मोठं चित्र हवं असेल तर दिवाळीनंतर फोन करा, पावसाळ्यात घरातली सगळी माणसं भातलावणीत असतात, तेव्हा काडी हातात धरायला कुणी नसतं.