भिंगरीची शू-वही : पहिले सहा आठवडे

भिंगरी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, घरी आली तेव्हा ९ आठवड्यांची होती, आता १५ पूर्ण झाले. मधल्या काळात फरशी किती वेळा पुसली याचा हिशेब माझ्याकडे लेखी आहे. तिसऱ्याच दिवशी वैतागून एक वही घातली. रकाने चार: वेळ, शू की शी, कुठे, आणि त्याआधी काय चाललं होतं. चौथा रकाना पान रिकामं दिसतं म्हणून आखला होता. पुढे सगळा उजेड त्यानेच पाडला.

पहिला आठवडा. घरात १७ वेळा. (वही सुरू व्हायच्या आधीचे दोन दिवस धरलेले नाहीत, धरवत नाहीत.)

पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तेवढे तास ते शू धरू शकतं, हा ठोकताळा तुम्हीही ऐकला असेल. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. मीही तीन तासांचा गजर लावून बसलो आणि फसलो. तो हिशेब निजलेल्या पिल्लाचा. जागी असलेली भिंगरी पाऊण तास थांबली तरी खूप. झोपून उठली की लगेच शू. खाल्लं की आतडी हलायला लागतात, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत शी. या दोन वेळा दोन दिवसांत पाठ झाल्या. उरलेल्या कुठून येत होत्या ते कळेना.

दुसरा आठवडा. रविवारी वही घेऊन बसलो. १७ पैकी ११ नोंदींपुढे चौथ्या रकान्यात एकच शब्द: खेळत होती. आणि ती खेळत होती तेव्हा मी फोनमध्ये होतो, हे वहीत नव्हतं पण मला माहीत होतं.

मग पट्टा तिच्या गळ्यात आणि दुसरं टोक माझ्या कमरेला. आता नीट बघता आलं. दोरीचा तुकडा दाताखाली खेचत असते, मध्येच तोंडातून गळून पडतो. नाक जमिनीला लागतं. शेपटी हलायची थांबते. अर्धी गिरकी, की मागचे पाय दुमडले. दोरी पडल्यापासून मी मोजलं, सात सेकंद. आमचं घर दोन जिने वर! तेव्हा खुणेची वाट बघणं सोडलं. खेळ चालू असेल तर दर अर्ध्या तासाने, तिला हवं असो वा नसो, खाली. उचलूनच न्यायची, जिन्यात चालवली की तिथेच बसते. शिवाय लसी पूर्ण व्हायच्या आहेत आणि पार्व्होचा (पिल्लांच्या जिवावर बेतणारा आजार) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून जागाही ठरलेली: इमारतीमागचा कोपरा, जिथे दुसरी कुत्री फिरकत नाहीत.

याच आठवड्यात माझी चूकही लिहून ठेवतो. नवव्या दिवशी गालिच्यावर बसताना दिसली आणि मी जोरात ओरडलो. पुढचे तीन दिवस खोलीत कुठेच काही नाही. मला वाटलं, जमलं. चौथ्या दिवशी सोफा सरकवला तर मागे सगळं संग्रहालय. आई म्हणाली, "नाक घास तिथे, म्हणजे बरोबर कळेल." म्हटलं, "आई, तिला कळलंय. माणसासमोर करायचं नाही, एवढंच कळलंय."

स्वच्छतेचं थोडक्यात: फिनाईलने वास जातो तो आपल्या नाकाला. अमोनिया असलेलं काही तर वापरूच नका, शूच्या वासाचाच तो भाऊ. एन्झाइमवालं, म्हणजे शूमधले घटकच मोडणारं, क्लीनर ओतून मुरू द्यावं लागतं, लगेच पुसलं तर उपयोग नाही. आणि रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च फिरवून बघा. जुने डाग चमकतात. आमच्याकडे दिवाणखाना तारांगणासारखा दिसला.

तिसरा आठवडा. घरात ८. पण एक गोष्ट डोक्यात जायची. खाली शू केली, वर आलो, दाराशी ठेवली, की पायपुसण्यावर पुन्हा शू. खोडसाळपणा वाटावा असं. चार दिवसांनी लक्षात आलं, खोडी माझीच होती. ती बसली रे बसली की मी "शाब्बास!" म्हणून खाऊ पुढे करायचो. ती अर्ध्यातच उठून धावत यायची. उरलेली अर्धी वर, पायपुसण्यावर. आता ती उठून एक पाऊल टाकेपर्यंत तोंड बंद, मग लगेच खाऊ. तोही खिशातून तिथल्या तिथे, घरी येऊन दिला तर तो जिना चढल्याचा होतो. आणि शू झाल्यावर पाच मिनिटं खाली हुंदडू देतो. आधी झाली की लगेच वर आणायचो, तर बाई हुशार, मजा संपू नये म्हणून शू लांबवायला लागल्या.

पिल्लाने घरातच शू करावी म्हणून जमिनीवर अंथरतात ते पॅड मी वापरले नाहीत. उंच मजल्यावर एकटं राहणाऱ्याला पर्याय नसेल, मान्य. पण पिल्लाला पायाखाली काय लागतं याची सवय लवकर जडते, आणि मऊ पॅड व मऊ गालिचा यांतला फरक तिने का करावा?

रात्रीची बाजू त्यामानाने सोपी गेली. क्रेट, म्हणजे तिचा झोपायचा पिंजरा, मोठा होता, तिने एका कोपऱ्यात झोपून दुसरा खराब केला. पुठ्ठा लावून उभं राहता, वळता, पसरता येईल इतकीच जागा ठेवली, मग नाही केलं. गजर आधी दोनचा, मग हळूहळू पुढे. रात्री बोलायचं नाही, खेळायचं नाही, खाली आणि परत.

चौथा आठवडा. सोमवारपर्यंत फक्त एक. मंगळवार-बुधवारी मिळून ९! सगळं शिकवलेलं पुसलं गेलं असं वाटून रडकुंडीला आलो. मग वही उलटून पाहिली तर 'थोडीशी' हा शब्द एका दिवसात सहा वेळा. डॉक्टरांकडे वहीच नेली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषधाने आठवड्यात थांबलं. घर बिघडवतंय म्हणून पिल्लावर रागावण्याआधी किती आणि किती वेळा, एवढं बघाच.

पाहुणे आले की पायाशी लोळून दोन थेंब सांडते, ते मी वेगळ्या खुणेने लिहितो. ती शिस्तीची गोष्ट नाही, आनंद आणि दबकणं एकत्र. वरून वाकून हात घालण्याऐवजी बाजूला खाली बसलं की होत नाही.

पाचवा-सहावा. पाचव्यात ३, रात्रभर साडेपाचपर्यंत झोप. दाराला घंटी बांधून पाहिली. दोन दिवसांत शिकली आणि पानं पकडायला जायचं म्हणून दर दहा मिनिटांनी वाजवू लागली. घंटी काढली.

सहाव्यात एकच. काल संध्याकाळी. दोरी तोंडातून पडली, आणि पहिल्यांदाच नाक जमिनीला न लावता ती सरळ दाराशी गेली, बसली आणि माझ्याकडे बघितलं. मी उडालोच. किल्ली घेतली, पट्टा घेतला. पायपुसण्यावर व्हायचं ते झालं. वहीत वेळ लिहिली, जागा लिहिली, आणि चौथ्या रकान्यात: चप्पल शोधत होतो.