उसने कारण

आपल्याकडे संगणकासमोर बसलेला माणूस कामाला हात घालण्यापूर्वी पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबतो आणि ‘रिफ्रेश’ करतो. एकदा करून त्याचे भागत नाही. चिन्हे चार-पाच वेळा लुकलुकली की मगच त्याचे समाधान होते. जळगावच्या कचेऱ्यांपासून शहाद्याच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांपर्यंत हा विधी मी पाहिला आहे, आणि कोणालाही विचारले तरी त्याने संगणक मोकळा होतो, असेच उत्तर मिळते. वास्तविक त्या आज्ञेने डेस्कटॉपवरची चिन्हे पुन्हा एकदा रेखाटली जातात, एवढेच. नुकतीच आणलेली फाइल दिसत नसेल तर त्याचा उपयोग आहे. मेमरी मात्र त्यामुळे तसूभरही मोकळी होत नाही.

‘बंद करीसन चालू कर’ हा दुसरा खानदेशी उपाय मात्र खरोखरच लागू पडतो. दिवसभर उघडलेले प्रोग्राम मेमरीतली जागा अडवतात, काही घेतलेली जागा परत करत नाहीत, काही एकमेकांची वाट पाहत अडून बसतात, आणि नव्याने सुरुवात केली की ही सगळी थकबाकी एका फटक्यात निकाली निघते. त्यातही एक गंमत आहे. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून अनेक संगणकांत ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे काम सुरू होते, जेणेकरून संगणक लवकर चालू व्हावा. पूर्ण नवी सुरुवात होते ती ‘रीस्टार्ट’ केल्यावर. ‘रात्रभर बंद होता, तरी रडतोच आहे’ ही तक्रार म्हणूनच खोटी नसते.

रॅमची, म्हणजे संगणकाच्या मेमरीची, पट्टी काढून तिची किनार खोडरबराने घासणे हा दुरुस्तीच्या दुकानांतला ठेवणीतला उपाय, आणि त्याचे सांगितले जाणारे कारण म्हणजे गंज. चांगल्या पट्टीच्या त्या पिवळ्या किनारीवर सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि सोने गंजत नाही, हे निदान जळगावकरांना तरी कोणी सांगायला नको. खोडरबराने जातो तो मळ आणि हाताचा तेलकटपणा. शिवाय पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली, यातच अर्धे काम झालेले असते.

मे महिन्यातली गोष्ट याहून रंगतदार आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दुपारी दोनच्या सुमारास संगणक आधी रेंगाळू लागतात आणि मग आपोआप बंद पडतात, आणि निदान ठरलेले असते : व्हायरस. खरे तर प्रोसेसर, म्हणजे संगणकातली आकडेमोड करणारी चिप, १०० अंशांच्या आसपास तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. खोलीतली हवा २५ ऐवजी ४५ अंशांची असेल, तर आतला आकडाही जवळजवळ तेवढ्याच २० अंशांनी वर चढतो. त्यात आपला मुलूख कापसाचा. जिनिंगच्या परिसरातल्या एखाद्या संगणकाचा पंखा काढून पाहावा. पंखा आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारी त्याखालची ॲल्युमिनियमची पाती यांच्यामध्ये धूळ आणि कापसाचे तंतू मिळून गोधडीच्या तुकड्यासारखा करडा थर जमलेला असतो, चिमटीत धरला तर अखंड निघून येणारा. वारा फिरतो आहे, पण पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. मग संगणक दुकानात जातो, तिथे फॉरमॅट मारला जातो, आणि त्याआधी दुकानदार सवयीने ब्लोअर मारून ती धूळ उडवतो. संगणक सुरळीत चालू लागतो, श्रेय फॉरमॅटला जाते, आणि व्हायरसवरचा विश्वास पुढच्या मे महिन्यापर्यंत पक्का होतो.

उसने कारण असे टिकते. उपाय चालला, की त्याच्याबरोबर आलेले कारणही खरे मानले जाते; कारणाची वेगळी परीक्षा घ्यायला कोणाला सवड नसते, आणि सवड नसणे समजण्यासारखे आहे. पण खरे कारण ठाऊक असले, की उपाय कुठे थांबेल तेही आधीच कळते. माठाचेच पाहावे. मातीच्या गुणामुळे पाणी गार होते, असे घरोघरी सांगतात. माती जुलैतही तीच असते, पण पाणी मे महिन्यासारखे गार होत नाही, कारण गारवा येतो तो छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होण्याने, आणि पावसाळी दमट हवेत ती वाफ होणेच मंदावते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्च होते; तेच पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जेमतेम ३ लाख ज्यूल पुरतात. बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला देखणा माठ दिवाणखान्यात शोभतो, पण छिद्रे बुजल्यामुळे पाणी गार करण्याच्या कामाचा उरत नाही. कूलरचेही तेच, आणि म्हणून खानदेशात मे महिन्यात जीव वाचवणारा कूलर ऑगस्टमध्ये नुसता चिकचिकाट वाढवतो.

सुविचारांची गत याहून वेगळी नाही. तिथे कारणाऐवजी नाव उसने घेतले जाते. जगात फार तर पाच संगणक खपतील, असे आयबीएम या संगणक कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन १९४३ साली म्हणाले, हे वाक्य भाषणांतून सतत ऐकू येते. ते असे म्हणाल्याचा पुरावा कोणालाही सापडलेला नाही. ६४० केबी मेमरी कोणालाही पुरेल, हे बिल गेट्स यांच्या नावावर खपवलेले वाक्य तर त्यांनी स्वतःच वारंवार नाकारले आहे. ६४० हा आकडा मात्र खरा आहे : आयबीएमच्या १९८१ च्या पीसीतला प्रोसेसर एकूण १,०२४ केबीच हाताळू शकत होता, आणि त्यातले ३८४ केबी पडदा व इतर व्यवस्थेसाठी राखून ठेवल्यावर उरत होते ते ६४०. हा हिशेब त्या वाक्यापेक्षा मला जास्त आवडतो, पण तो फळ्यावर कोणी लिहिणार नाही.

अमळनेरच्या एका दुकानात पीक विम्याचा अर्ज भरायला आलेले एक वयस्कर शेतकरी ताटकळले होते, कारण कोणतेही संकेतस्थळ उघडेना; प्रत्येक वेळी जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येत होता. दुकानातल्या पोराने कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिले. तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. संकेतस्थळ खरे असल्याची खात्री संगणकाला पटवणारे एक प्रमाणपत्र असते, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि संगणकाच्या लेखी ती सुरुवात अजून उगवलेलीच नव्हती. संगणक बंद असतानाही सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक वेळ मोजत राहतो (ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणून ती निवडलेली), पण त्याला जगवणारा नाण्याएवढा सेल संपला होता. पोराने २०३२ क्रमांकाचा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा, नवा सेल बसवला, तारीख लावली आणि पान उघडले.

“नेट आलं वाटतं,” ते म्हणाले.

“आलं, आबा. आता आधार कार्ड द्या,” पोरगा म्हणाला, आणि पुढे सरकण्याआधी त्याने सवयीने दोन-तीनदा रिफ्रेश केले.